तोंड दाखवण्याची घाई

दाढ पहिल्यांदा ठणकल्यापासून ती उपटून घेईपर्यंत माणूस जेवढा काळ काढतो, तेवढ्यात आडसाली उसाची लागण होते, भरणी होते, तोड येते, ऊस कारखान्याला जातो आणि बिलाचा पहिला हप्ता जमा होऊन खर्चूनही जातो. म्हणजे झालं दीड वर्ष. या दीड वर्षात दाढेवर जे उपचार होतात, त्यांचा क्रम नेसरीपासून गडहिंग्लजपर्यंत आणि आजऱ्यापासून चंदगडपर्यंत ठरलेला आहे. आधी लवंग. मग लवंगेचं तेल, कारण घरातली लवंग जुनी असावी असा संशय. मग मिठाच्या गुळण्या, मग शेजारणीनं सांगितलेली हळद, मग तंबाखूची चिमूट (ती दाढेसाठी की जिभेसाठी, हे घरच्यांनी विचारायचं नसतं), मग मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि सरतेशेवटी उजवीकडची दाढ दुखते म्हणून डावीकडून चावण्याचा कायमस्वरूपी तोडगा. देवानं जबड्याला दोन बाजू दिल्या त्या याचसाठी, अशी त्यामागची श्रद्धा. गाल सुजून डोळा बारीक झाला की मगच स्वारी दवाखान्याची पायरी चढते. आणि तिथे एकदम पालट होतो. दीड वर्ष ज्याला सवड झाली नाही, तोच माणूस दाढ निघाल्यावर तोंडात कापसाचा बोळा धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचारतो, "डाक्तर, नवी आत्ताच बशिवणार न्हवं?"

"तीन महिने थांबूया."

"शीन म्हैनं?" बोळ्यामुळे 'त'चा 'श' होतो, पण धक्का स्पष्ट ऐकू येतो. "अवो, पुढच्या बेस्तरवारी मेव्हण्याचं लगीन हाय!"

माझं म्हणणं असं, की दाताच्या बाबतीत माणूस धावायचं तिथे बसून राहतो आणि बसायचं तिथे धावत सुटतो. आणि ज्याच्या जबड्यात खरोखर त्याच दिवशी नवा दात बसवता येईल, असा माणूस बहुधा घाईत नसतोच. हा नुसता टोमणा नव्हे. याला पुरावा आहे, आणि तो हाडाचा आहे. (हे लिहिणाऱ्याची जीभही या क्षणी एका दाढेभोवती घुटमळते आहे, पण तो आजचा विषय नाही.)

'स्क्रूचा दात' म्हणून जो प्रकार आता गावोगाव माहीत झाला आहे, त्यात जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा एक बारीक स्क्रू बसतो. जाडी चार मिलिमीटरच्या आसपास, लांबी दहा-बारा. त्याच्यावर पुढे दात चढवायचा. भांडण आहे ते मुहूर्तावरून. मूळचा दात काढल्या काढल्या त्याच खड्ड्यात स्क्रू फिरवायचा, की खड्डा भरून येईपर्यंत कळ काढायची? २००४ साली दंतवैद्यांनी याचे चार प्रकार कागदावर मांडून ठेवले: काढल्या दिवशीच; चार ते आठ आठवड्यांनी, हिरडी मिटल्यावर; बारा ते सोळा आठवड्यांनी, हाड बरंचसं भरल्यावर; आणि सोळा आठवडे उलटून सगळं निवांत झाल्यावर. गडहिंग्लज तालुक्यात हे समजावून सांगायला खरं तर अडचण पडू नये, कारण आपल्याकडे उसाचेही चारच प्रकार: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा. त्याच दिवशीचा दात म्हणजे दातांतला खोडवा. नांगरट नको, सऱ्या नकोत, वेळ वाचला, पैसा वाचला. पण खोडवा कुठल्या फडाचा ठेवायचा हे शेतकरी बुडखे बघून ठरवतो. हुमणी लागलेल्या रानात खोडवा ठेवा म्हणून कृषी सहायकाच्या मागे कोणी लागत नाही. तोच शेतकरी पू भरलेल्या जबड्यात मात्र आजच्या आज लागण करा म्हणून खुर्चीवर हटून बसतो.

या विद्येचा पायाच मुळी एका न निघणाऱ्या वस्तूमुळे घातला गेला. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून आत रक्त कसं खेळतं ते बघत होते. प्रयोग संपल्यावर महागाची वस्तू काढून पुढच्या सशाला वापरू, असा काटकसरी विचार होता. उपकरण निघेना. हाडानं त्याला घरचं मानून घट्ट धरलं होतं. तिथून पुढे १९६५ साली योस्टा लार्सन या पहिल्या माणसाच्या जबड्यात स्क्रू बसले आणि २००६ साली तो वारला, तेव्हाही ते चालू होते. चाळीस वर्षं एका जागी टिकलेली दुसरी गोष्ट आपल्याकडे म्हणजे बांधावरचा वाद. पण या टिकाऊपणामागे ब्रोनेमार्कांची शिस्त होती. दात काढल्यावर खड्डा पुरता भरू द्यायचा, मग स्क्रू बसवायचा, मग त्यावर हिरडी शिवून खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात सहाएक महिने त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. उपटण्यापासून चावण्यापर्यंत वर्ष सहज जायचं. इतका धीर सगळ्यांच्या अंगी नसतो, जर्मनांच्याही नव्हता. १९७०च्या दशकात ट्युबिंगेनच्या विल्फ्रीड शुल्टे यांनी खास त्याच दिवशी खड्ड्यात बसवायचं सिरॅमिकचं रोपण काढलं.

घाईचा इतिहास मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. होंडुरासमध्ये १९३१ साली माया लोकांच्या काळातला, सुमारे इसवी सन ६००चा एक जबडा सापडला. त्यात खालच्या पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्यांचे तासलेले तुकडे ठोकलेले होते. मेल्यावर सजावट म्हणून ते बसवले असावेत असं आधी वाटलं. पण १९७० साली एक्स-रे काढले, तर त्यांतल्या दोन तुकड्यांभोवती हाड धरलेलं दिसलं. म्हणजे गडी जिवंत होता आणि जेवतही होता. अठराव्या शतकात लंडनचे जॉन हंटर यांनी माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून दाखवला. कोल्हापूरकरांनी कोंबड्याचे नाना प्रकार केले, पण त्याला दात आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हंटरांच्या काळी श्रीमंतांच्या जबड्यात गरिबाचा दात त्याच बैठकीत, गरम गरम बसवला जायचा, आणि पहिल्याचा मापात बसला नाही तर असू देत म्हणून दात विकणारे दोन-चार जण रांगेत बसवून ठेवायचा सल्ला खुद्द हंटरांनी दिला होता. चपलेच्या दुकानात जोड काढून दाखवतात तसा. ते दात फार काळ टिकले नाहीत. गरिबाचा मात्र कायमचा गेला.

आता घाईची बाजू घेणारे म्हणतील, शिंपले आणि कोंबडे सोडा, आजच्या शास्त्राचं बोला. थांबलं की हाड झिजतं, हे खरं की खोटं? खरं. डेन्मार्कमधल्या श्रॉप आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मोजून दाखवलं, की दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. ऐकून कोणाचाही धीर सुटावा. यावरून एक भाबडा तर्क निघाला, की मग त्याच दिवशी स्क्रू घालून जागा धरून ठेवावी. हा तर्क एसटीत वाढलेला आहे. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, की सीट आपली. तसाच हा टायटॅनियमचा रुमाल. पण २००५ साली अराउजो, लिंडे आणि मंडळींनी कुत्र्यांच्या जबड्यात अगदी हेच करून बघितलं. एका खड्ड्यात लगेच स्क्रू, दुसरा रिकामा. तीन महिन्यांनी बघतात तर गालाकडची हाडाची भिंत दोन्हीकडे जवळपास सारखीच, दोन मिलिमीटरवर खाली उतरलेली. रुमाल जागेवर, सीट गायब. कारण त्या भिंतीचा आतला थर हा दाताचा नातेवाईक असतो, जबड्याचा नव्हे. तो दाताबरोबर येतो आणि दाताबरोबर जातो. जावयासोबत आलेली मंडळी जावई उठला की उठतात, आपण कितीही बसा म्हणालो तरी. पुढच्या दातांपाशी तर ही भिंत बहुतेकांच्या तोंडात जेमतेम एक मिलिमीटरची, पापुद्र्यासारखी. ती ढासळली की हिरडी वर सरकते आणि लग्नाच्या अल्बमसाठी घाईनं बसवलेला दात दोन-तीन वर्षांनी ओठाखालून लांबुडका होऊन डोकावतो.

म्हणून घाई वाईटच, असं मी म्हणत नाही. २०१९ साली एकेकट्या दाताच्या अशा शस्त्रक्रियांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात लगेच बसवलेले स्क्रू ९४.९ टक्के टिकले आणि थांबून बसवलेले ९८.९ टक्के. शंभरात चारांचा फरक. एवढ्यानं कोणी नापास होत नाही. लगेच बसवल्यानं एक चिरफाड वाचते, महिने वाचतात, सुयांची भीती एकदाच काय ती. तेव्हा घाईवाला इथे टेबलावर हात आपटून म्हणेल, "मग झालं की! बशवा!" त्यानं जरा त्या ९४.९वाल्यांच्या तोंडात डोकावून बघावं. त्यांच्या खड्ड्याच्या भिंती शाबूत असाव्या लागतात. पुवाचा मागमूस नको. मुळाच्या टोकापलीकडे तीन-चार मिलिमीटर तरी ताजं हाड हवं, म्हणजे स्क्रूला दात रोवायला जागा मिळते. स्क्रू फिरवताना हात अडला पाहिजे. ती पकड मोजायचं माप असतं, आणि साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर भरली की डॉक्टरांचा चेहरा खुलतो. आता सांगा, एवढ्या अटी कोणाच्या जबड्यात पुऱ्या होतात? दाढ पहिल्यांदा ठणकली त्याच आठवड्यात जो आला, त्याच्या. जो दीड वर्ष लवंगेवर निभावून गाल सुजवून आला, त्याच्या खड्ड्यात भिंत नाही, तळ नाही, आणि जे आहे ते निथळून काढायचं आहे. म्हणजे ज्याला लगेच देता येतं त्याला घाई नाही, आणि ज्याला घाई आहे त्याला देता येत नाही. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ते एवढ्या अचूकपणे दुसरीकडे कुठे लागू पडलं नसेल.

नेसरीत अशा वेळी घाईवाल्याच्या हातात एक हुकमी पान असतं. "अवो, ही प्रतापरावांची माती. हितं कोण थांबतंय?" बरोबर आहे. २४ फेब्रुवारी १६७४ला सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर इथल्याच खिंडीत तुटून पडले. त्यांचं स्मारक इथे उभं आहे, आणि कुसुमाग्रजांनी ती दौड अशी काही लिहून ठेवली आहे, की मराठी माणसाला सात आकडा ऐकला तरी टापा ऐकू येतात. त्या धाडसापुढे मान लवते आणि लवलेलीच राहो. पण दाढेच्या वकिलांनी हा दाखला देण्याआधी दहा महिने मागचं पान उलटावं. १६७३च्या एप्रिलमध्ये हाच बहलोलखान उमराणीला पाण्यावाचून कोंडला गेला होता. त्यानं गयावया केली, पुन्हा वाटेला जाणार नाही असा शब्द दिला, आणि प्रतापरावांनी उदार मनानं त्याला जाऊ दिलं. खान उलटला. त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नये, असं महाराजांनी कळवल्याचं बखरी सांगतात, आणि त्या शब्दांच्या डागण्या घेऊन नेसरीची दौड झाली. शत्रू उमराणीलाच मुळासकट निघता, तर नेसरीला घाई करायची पाळीच आली नसती. दुखरी दाढ ही जातीनं बहलोलखान आहे. लवंगेच्या दोन थेंबांवर शरण येते, आता दुखणार नाही म्हणून शब्द देते, आपण उदार होतो, आणि दहा महिन्यांनी ती ताज्या दमाची फौज घेऊन हजर. फरक इतकाच, की प्रतापरावांना तोंड दाखवू नका असा निरोप आला होता, आणि दंतवैद्य बिचारा दहा महिने एकच विनवणी करत असतो, की तोंड दाखवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. नेसरीहून गडहिंग्लजला जायचं म्हणजे एसटी, दिवसाचा रोजगार, सोबतीला आणखी एक माणूस, आणि तो माणूस आलाच आहे तर त्याचा नाष्टा. बेळगावच्या दंत महाविद्यालयात दाखवायचं म्हटलं तर पहाटेच निघायचं. एका फेरीत दोन कामं होत असतील तर चार फेऱ्या कोण कशाला मारील? मान्य, अगदी मान्य. पण फेऱ्यांचा हिशोब करायचा तर सगळाच करावा. घाईनं बसवलेला स्क्रू पडला, तर त्यापायी आणखी किती फेऱ्या होतील? आणि तो पडतो कधी, हेही ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला स्क्रू जुन्या हाडाच्या पकडीवर उभा असतो. मग ते जुनं हाड विरायला लागतं आणि नवं अजून पुरतं धरलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पकड सगळ्यांत ढिली. म्हणजे जुने तलाठी बदलून गेले, नवे हजर झाले नाहीत आणि दप्तर कुलपात. या काळात दाताला कामाला लावायचं नसतं. पण दात डोळ्यांना पक्का दिसतो, दुखत नाही, आणि नेमकी त्याच सुमाराला गावात यात्रा निघते. तांबड्या रश्श्यातली मटणाची नळी समोर आल्यावर हाडाच्या कोणत्या थराची बदली झाली आहे, याचा विचार कोण करतो? शिवाय निपाणीचा तंबाखूपट्टा शेजारीच. तंबाखूनं आणि आटोक्यात नसलेल्या साखरेनं जखम भरायला उशीर होतो, हे घाईवाल्याला तोंडपाठ असतं. ते तो तंबाखू मळता मळता म्हणून दाखवतो.

घाई काही एकट्या रुग्णाची नसते. 'एका दिवसात पक्के दात' असे फलक आता तालुक्यांच्या गावीही दिसतात, आणि ते वाचणाऱ्याला वाटतं, की जो डॉक्टर थांबा म्हणतो त्याला काम येत नाही. थांबा म्हणणाऱ्याचं दुर्दैव असं, की न करण्याची फी मागता येत नाही. मेव्हण्याच्या लग्नाची सोय व्हायला खरं तर अडचण नसते. काढता-घालता येणारा तात्पुरता दात थोड्या खर्चात होतो आणि फोटोत तो कोणालाही ओळखू येत नाही. पण तात्पुरता म्हटलं की आपला अपमान होतो. मांडव तात्पुरता चालतो, आचारी तात्पुरता चालतो, नवरदेवाची घोडी तर दोन तासांपुरती असते. दात मात्र कायमचा आणि आजच. याच पंचक्रोशीत लक्ष्मीची यात्रा गावागावांत काही वर्षांच्या अंतरानं भरते आणि पुढच्या यात्रेची वाट माणसं कसलीही कुरकूर न करता बघतात. देवीचा मुहूर्त पाळणाऱ्यांना हाडाचा मुहूर्त पाळणं जड जातं, कारण हाड अंगात येऊन बोलत नाही.

आणि समजा, पाळला. डॉक्टरांनी ठाम राहून तीन महिन्यांची तारीख दिली. लग्न पार पडलं, फोटोत तोंड मिटून हसणं जमलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. खड्डा भरला. जीभ सुरुवातीला दिवसातून शंभरदा तिथे जाऊन यायची, मग तिलाही कंटाळा आला. ठणका बंद झाल्यामुळे दाढ नावाची वस्तूच विस्मरणात गेली. हाड रीतसर वेळापत्रकानुसार भरलं आणि त्याच वेळापत्रकानुसार आता अरुंद होत चाललं आहे. स्क्रू बसवायचा योग्य आठवडा उजाडतो. दवाखान्यातून फोन येतो.

"जागा छान भरली असेल आता. या उद्या, स्क्रू बसवूया."

"अवो डाक्तर, दुखत तर कायच न्हाई. डाव्या बाजूनं चावतोय की झ्याक. ऊस गेल्यावर बघू."

"यंदाचा ऊस तर गेला ना?"

"त्यो न्हवं. काल लावलाय, त्यो."